ज्येष्ठ-निवासांतील आपत्कालीन घंटा : देखभाल व नूतनीकरण

ज्येष्ठ नागरिकांसाठी बांधलेल्या सदनिकांत व वृद्धाश्रमांत, पडल्यावर किंवा एकाएकी बरे वाटेनासे झाल्यावर मदत मागता यावी म्हणून बसवलेली यंत्रणा. बाथरूममधली ओढायची दोरी, पलंगाशेजारचे बटण, गळ्यात घालायचे बिनतारी बटण, कोणत्या घरातून घंटा आली ते दाखवणारा गेटवरच्या केबिनमधला फलक आणि घंटा वाजताच धावून जाणारा माणूस, हे सगळे मिळून ती पुरी होते. पडलेली वृद्ध व्यक्ती तासाभराहून जास्त वेळ जमिनीवर राहिली, तर शरीरातले पाणी कमी होणे, दाबाने जखमा होणे, स्नायूंची हानी होऊन मूत्रपिंडावर ताण येणे हे धोके वाढत जातात. म्हणून घंटा दाबल्यापासून माणूस दारात पोचेपर्यंत गेलेली मिनिटे, हेच या यंत्रणेचे खरे मोजमाप होय.

पुण्यात पाषाण, बाणेर, बावधन अशा भागांत ‘अथश्री’सारखे खास ज्येष्ठांसाठीचे प्रकल्प आहेत, नवी पेठेतील ‘निवारा’ हा वृद्धाश्रम तर शहराच्या जुन्या संस्थांपैकी एक. ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांना या घंटेचाच मोठा आधार असतो. महारेराने (राज्याच्या गृहबांधणी नियामक प्राधिकरणाने) 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवले. त्यांत 900 मिमी. रुंदीचे दरवाजे, आधाराचे दांडे आणि न घसरणारी फरशी यांच्याबरोबर आपत्कालीन घंटाही आहे. पण हे बांधकामाचे निकष. ताबा मिळून दहा वर्षे झाल्यावर ती घंटा वाजते की नाही, हे पाहणे सोसायटीच्या किंवा व्यवस्थापनाच्या हाती उरते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष दोरीकडे होते. ब्रिटनच्या बांधकाम-मार्गदर्शिकेनुसार अशा दोरीला बांगडीसारखी दोन लाल कडी हवीत : एक जमिनीपासून 100 मिमी.वर, दुसरे 800 ते 1000 मिमी.वर. खालचे कडे फरशीवर पडलेल्या माणसासाठी असते. आपल्याकडे बाथरूम धुताना दोरी भिजते, बादलीत अडकते, म्हणून कामाच्या मावशी ती गुंडाळून वरच्या दांड्याला गाठ मारून ठेवतात. त्या क्षणी यंत्रणा निम्मी बंद पडते, आणि फलकावर मात्र सारे ठीक दिसते. सुती दोरीऐवजी पुसून काढता येणारी नायलॉनची दोरी लावावी आणि मावशींना तिचे कारण नीट समजावून सांगावे. एवढ्याने जे साधते, ते नव्या फलकाने साधत नाही. पावसाळ्यात स्विचच्या डब्यात ओल धरते, संपर्कबिंदू गंजतात, मुंग्या घर करतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि नंतर एकदा डबे उघडून पाहावेत. वळवाच्या विजांनी फलक जळू नये यासाठी अर्थिंगही तपासावे.

फलकाची 12 व्होल्टची बंद लेड-ॲसिड बॅटरी साधारण 3 ते 5 वर्षे टिकते, बंदिस्त गरम केबिनमध्ये त्याहून कमी. मीटरवर व्होल्टेज बरोबर दाखवणारी जुनी बॅटरी भार पडताच, म्हणजे प्रत्यक्ष वीज पुरवायची वेळ येताच, बसू शकते. त्यामुळे परीक्षा भार देऊनच घ्यावी. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी लाइट जाते, ती वेळ यासाठी उत्तम. बॅटरी बसवल्याची तारीख तिच्यावरच मार्करने लिहावी.

घंटा वाजल्यावर यंत्रणेतून फोनवरून बाहेर जाणारा संदेश हा नूतनीकरणातला अवघड भाग. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच सुमारे 48 व्होल्ट मिळत, त्यामुळे लाइट गेली तरी तो चाले. फायबर आल्यावर घरातल्या राउटरला वीज लागते, म्हणून त्यालाही बॅकअप हवा. ब्रिटनमध्ये जुन्या फोनचे जाळे जानेवारी 2027 पर्यंत बंद करायचे ठरले आहे आणि तिथल्या ज्येष्ठ-निवासांना त्यावर चालणारी घंटेची उपकरणे बदलावी लागत आहेत. आपल्याकडे बहुधा सिमकार्डाचा आधार घेतला जातो. ते सिम माजी सेक्रेटरींच्या नावावर असते, रिचार्जची मुदत संपल्याचे कोणाला कळत नाही आणि यंत्र मुके होते. सिम संस्थेच्या नावावर घ्यावे, शक्यतो दोन कंपन्यांची दोन. गळ्यातले बटण मागवतानाही काळजी हवी : युरोपात अशा बटणांसाठी 869.2 मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा रेडिओ लहरींचा पट्टा राखलेला आहे, तर भारतात परवान्याविना 865 ते 868 मेगाहर्ट्‌झ वापरता येतो. तिकडून आणलेले बटण इथे बसेलच असे नाही.

काम एकेका विंगमध्ये करावे आणि नवी घंटा प्रत्येक खोलीतून वाजवून पाहिल्याशिवाय जुनीची तार तोडू नये. साप्ताहिक चाचणी त्या घरातल्या आजी-आजोबांच्याच हातून व्हावी. संधिवाताच्या बोटांना बटण दाबता येते का, हे तेव्हाच कळते. चुकून घंटा वाजली तर वॉचमनने कधीही रागावू नये. एकदा बोलणी खाल्लेले माणूस पुढच्या वेळी खरोखर पडले तरी बटण दाबायला कचरते. चित्र न घेता रेडिओ लहरींनी पडणे ओळखणारे रडार संवेदक (सेन्सर) आता मिळतात, आणि ते बाथरूममध्ये कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी बरे. त्यांची माहिती कोण पाहणार, हे रहिवाशांना विचारूनच ठरवावे. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही संमतीच आहे.

वार्षिक देखभाल करारात रात्रीच्या बिघाडाला किती तासांत माणूस येणार आणि सुटे भाग किती वर्षे मिळणार, हे लिहून घ्यावे. दारांचाही विचार याच कामात व्हावा. आतून लावलेली कडी बाहेरून उघडता येत नाही, म्हणून ती काढून बाहेरून किल्लीने उघडणारे लॅच बसवावे. बाथरूमचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे, कारण पडलेला माणूस दाराला टेकलेला असला तर आत ढकलायचे दार उघडत नाही. किल्ल्यांचा जोड सीलबंद पाकिटात केबिनमध्ये राहावा. रात्रपाळीच्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ते पाकीट, 108 हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि स्ट्रेचर मावणारी लिफ्ट दाखवून द्यावी.