शिकार करणाऱ्यांना महागाई जाणवत नाही का?

कॅनडाच्या अतिउत्तरेकडील नुनावुत प्रदेशाविषयी एक समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो: तिथले इनुइट लोक शिकारीवर जगतात, म्हणून दुकानातल्या महागाईची झळ त्यांना बसत नाही.

शिकार होते आणि सील किंवा कॅरिबू या रानटी हरणाचे मांस वाटून खाण्याची सुंदर रीतही टिकून आहे, त्यामुळे हा समज सहज पटतो. मात्र आज शिकारीला निघायचे तर स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी गाडी), पेट्रोल, काडतुसे आणि सुटे भाग लागतात. आणि नुनावुतच्या २५ वस्त्यांपैकी एकही रस्त्याने उर्वरित कॅनडाशी जोडलेली नसल्यामुळे या वस्तू समुद्रातील बर्फ वितळल्यानंतरच्या मोजक्या महिन्यांत जहाजाने, किंवा मग विमानाने येतात. म्हणजे फुकट वाटणाऱ्या मांसामागेही वाहतुकीचा खर्च असतोच. ताजी भाजी तर वर्षभर विमानानेच येते, आणि वीजही बाहेरून आणलेल्या डिझेलवर तयार होते.

पडताळणीसाठी नकाशात नुनावुतची राजधानी इकालुइट इथून बाहेर जाणारा रस्ता शोधावा. तिथे ‘रोड टू नोव्हेअर’ नावाचा रस्ता खरोखरच आहे आणि तो काही किलोमीटरवर उजाड माळावर संपतो. मग सुमारे २,००० किलोमीटर दूरच्या ओटावा या कॅनडाच्या राजधानीतील आणि इकालुइटमधील भाजीचा किलोचा भाव ताडून पाहावा.