भरूचच्या पाल्याची वाट

आषाढ लागला की बडोद्यातल्या मासेखाऊ मराठी घरांत ‘पाला आला का?’ अशी चौकशी सुरू होते. शेजारच्या शाकाहारी काकूंना ती पालेभाजीची वाटते. हा पाला म्हणजे मासा: बंगाल्यांचा इलिश, सिंध्यांचा पल्ला. आपल्याकडे तो येतो भरूचहून, नर्मदेच्या मुखातून, आणि नेमका श्रावणाच्या तोंडावर. श्रावण पाळणाऱ्यांची दरवर्षी पंचाईत.

पण वेळ माशाने ठरवलेली आहे. पाला वाढतो समुद्रात, अंडी घालायला मात्र त्याला गोडं पाणीच हवं. पावसाने नदी फुगून तिचं गढूळ पाणी खाली आलं की हे मासे थव्याने आत शिरतात. खंभातच्या आखाताची भरती जबरदस्त. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणावर ते भाडभूत, भरूचपर्यंत येतात आणि पुढे प्रवाह कापत वर चढतात. या वाटेवर त्यांचं खाणं जवळपास बंद असतं. समुद्रात साठवलेल्या चरबीवर प्रवास चालतो, आणि आपण जिभल्या चाटतो तेही त्याच चरबीमुळे.

आमच्याकडे पाला चिरताना सगळ्यांचं लक्ष गाबोळीवर. पोटातून दोन लांबट पिशव्या अलगद काढायच्या, फुटू द्यायच्या नाहीत. त्यात अंडी किती? लाखांनी; मोठ्या मादीत 20 लाखांपर्यंत. नदीत सोडलेली अंडी साधारण दिवसभरात फुटतात. पिल्लू जेमतेम अडीच मिलिमीटरचं. पाच-सहा महिने नदीत काढून ते बोटभराचं होतं, मग समुद्राकडे निघतं, आणि एक-दोन वर्षांनी, वाचलंच तर, अंडी घालायला पुन्हा नदीत.

पाल्याचं शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या 1822 च्या ग्रंथात केलं. माणसांशी ओळख त्याहून बरीच जुनी. सिंध्यांचे देव झुलेलाल चित्रात याच माशावर बसलेले असतात. बडोद्यात वारसियाच्या सिंधी वस्तीत चक्कर मारली तर ते चित्र दिसेल. दौलताबादला राजधानी नेणारा महंमद तुघलक 1351 मध्ये गुजरातेतल्या बंडखोराचा पाठलाग करत सिंधेत गेला, तिथे मासे खाऊन आजारी पडला आणि वारला. तो मासा पल्लाच होता, असं सांगतात. काटे पाहता मला नवल वाटत नाही.

खरी अडचण गेल्या शतकातली. पाला सॅमन माशासारखी उडी मारत नाही. समोर भिंत आली की तिथेच अडतो. एकेकाळी तो गंगा-यमुनेतून आग्रा-दिल्लीपर्यंत जायचा. 1975 मध्ये गंगेवर फराक्का बराज (दरवाजांचा बंधारा) सुरू झाल्यावर वरची मासेमारी बसली. सिंधूवर 1955 मध्ये कोटरी बराज झाला, तापीवर 1972 मध्ये उकाई धरण. नर्मदेवर सरदार सरोवराची पायाभरणी 1961 मध्ये झाली आणि लोकार्पण 2017 मध्ये. धरण वर असलं तरी पाणी खालचंच घटतं. नदीचा लोट कमी पडला की खारं पाणी आत सरकतं, आणि पाल्याला वर बोलावणारी गोड्या पाण्याची चाहूलच मंदावते.

त्याच 2017 च्या ऑक्टोबरमध्ये भाडभूतच्या बराजची पायाभरणी झाली. भरूचचं पाणी खारं होऊ नये, गोडं पाणी साठावं, हा त्यामागचा हेतू. तिथल्या माछीमारांचा विरोधही तेव्हापासूनचा. सरदार सरोवर नदीत कितीतरी वर आहे. हा बांध मात्र थेट मुखाशी, पाला आत शिरतो त्याच वाटेवर.

आमचा मासेवाला आता पाला दाखवताना आधी पोट दाबून गाबोळी आहे की नाही ते सांगतो, मग भाव.