चढताना घाम, बसल्यावर हुडहुडी: डोंगरातल्या शिकाऱ्याच्या कपड्यांचं विज्ञान

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊबंद. पूर्ण वाढलेला नर सहज तीनशे किलोंचा भरतो. सप्टेंबर लागला की धनुष्यबाणवाले शिकारी परवाने घेऊन तिथल्या सॅन हुआन पर्वतात शिरतात. गाडीरस्ता मागे टाकायचा, पाच-सात दिवसांचं बिऱ्हाड पाठीवर घ्यायचं आणि साडेतीन हजार मीटरच्या आसपास, जिथे झाडं संपतात, तिथे मुक्काम करायचा. दुपारी ऊन असं की बाह्या वर कराव्यात, पहाटे तंबूबाहेरच्या बाटलीत बर्फ. मधूनच एखाद्या रात्री हिम पडून जातं.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर असली शिकार राहिलेली नाही, आणि ते बरंच झालं. पण या शिकाऱ्यांची पाठपिशवी उघडून बघण्यासारखी असते. हिमालयात जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या ट्रेकरसमोर कपड्यांचं जे कोडं असतं, तेच इथे जास्त अवघड होऊन आलेलं असतं.

अवघड अशासाठी की ट्रेकर दिवसभर साधारण एका लयीत चालतो. शिकारी तसं करत नाही. तो पहाटे अंधारात पाच-सहाशे मीटर चढतो, कारण उजाडायच्या आत कड्यावर पोहोचायचं असतं. आणि तिथे पोहोचला की दुर्बीण डोळ्यांना लावून दोन-तीन तास हलत नाही.

आता शरीराच्या बाजूने पाहू. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता तयार करतो. पाठीवर ओझं घेऊन चढ चढताना शरीर पाचशे-सहाशे वॅटच्या घरात ऊर्जा खर्च करतं. स्नायूंची कार्यक्षमता फार तर पंचवीस टक्के, म्हणजे उरलेली जवळपास सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडायला बघते. कपड्यांची ऊब मोजायला १९४१ मध्ये ‘क्लो’ नावाचं एकक सुचवलं गेलं: सुमारे २१ अंशांच्या खोलीत बसलेल्या माणसाला सुखाने ठेवतील इतके कपडे म्हणजे एक क्लो. शून्य अंश तापमान धरून हिशेब मांडला, तर चढताना अंगाभोवतीची हवा धरून एक-सव्वा क्लो पुरते. त्याच माणसाला त्याच जागी बसल्यावर पाचच्या आसपास लागते. पंधरा मिनिटांत गरज चौपट होते. असा एकच कोट कुणी शिवू शकत नाही, म्हणून थर लागतात, आणि ते काढता-घालता यायला हवेत.

बरं, जास्तीचे कपडे भरून नेऊ म्हटलं तर परतीचा हिशेब आडवा येतो. शिकार साधली तर मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांसच ऐंशी-नव्वद किलो होतं. ते पाठीवरून खाली आणायचं, तेही तीन-चार फेऱ्यांत. सकाळी हौसेने घेतलेली जाडजूड विजार त्या वेळी फार आठवते.

थंडी वाजते ती हवेमुळे, असं आपण धरून चालतो. डोंगरात ती बरेचदा आपल्याच घामामुळे वाजते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट चांगलं उष्णतावाहक आहे, त्यामुळे अंगाला चिकटलेला ओला कपडा ऊब धरण्याऐवजी ती बाहेर पोहोचवायचं काम करतो. त्याहून महाग पडतं ते बाष्पीभवन. त्वचेच्या तापमानाला एक ग्रॅम पाणी वाळायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता खातं. गंजीत नि सदऱ्यात मिळून २०० ग्रॅम घाम मुरलाय असं धरा. दमट कपड्यांत एवढा घाम सहज असतो आणि कळतही नाही. तो अंगावरच वाळवायचा तर ४८० किलोज्यूल लागणार. शंभर वॅटच्या शरीराची ही ऐंशी मिनिटांची सगळी कमाई. वारा आणि ऊन यातला थोडा भार उचलतात, पण पहाटेच्या सावलीत ऊन कुठलं? उरलेलं बिल शरीर भरतं. आधी हातापायांतल्या रक्तवाहिन्या आखडतात, मग कुडकुड सुरू होते. गाभ्याचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया, आणि त्यात सगळ्यात आधी डगमगते ती विचारशक्ती.

‘सुती कपडा जीव घेतो’ अशी तंबी तिकडे नवख्याला दिली जाते ती यामुळे. सुती धाग्याला पाण्याची ओढ फार. तो घाम पिऊन बसतो, फुगतो, अंगाला चिकटतो आणि सावकाश वाळतो. सह्याद्रीत मे महिन्यात नेमका हाच गुण सुखाचा असतो. तीन हजार मीटरवर तोच घात करतो.

पॉलिएस्टर याच्या दुसऱ्या टोकाला. त्याचा धागा स्वतः जेमतेम अर्धा टक्का ओलावा घेतो. पाणी धाग्यांमधल्या फटींतून पसरतं आणि लवकर उडून जातं. मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीची तऱ्हा निराळी. तिचा तंतू वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत बाष्प पोटात घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. शिवाय बाष्प शोषताना लोकर उष्णता सोडते. ‘लोकर भिजली तरी ऊब देते’ या म्हणण्यात या उष्णतेचा वाटा आहे. कुरळा तंतू भिजल्यावरही पूर्ण चपटा होत नाही, थोडी हवा धरून ठेवतो, हाही आहे. पावसात घोंगड्याची खोळ घेऊन मेंढरांमागे उभा राहणारा धनगर याचा फायदा पिढ्यान्‌पिढ्या घेत आलाय. त्या दख्खनी लोकरीचा तंतू जाड, म्हणून ती उघड्या अंगाला टोचते. मेरिनोचा तंतू १७ ते १९ मायक्रॉनचा, टोचण्याइतका ताठच नसतो. एवढं असलं तरी चिंब मेरिनो कोरड्या मेरिनोपेक्षा थंडच, आणि ती पॉलिएस्टरपेक्षा हळू वाळते. जाहिरातवाले हे सांगत नाहीत.

मला स्वतःला सगळ्यात पटतो तो जाळीचा बनियन. नॉर्वेतल्या हेन्रिक ब्रून नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १९३३ मध्ये मासे पकडायच्या जुन्या जाळ्यापासून तो केला, आणि १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेत असे बनियन अंगात होते. बघायला विनोदी, पण कल्पना पक्की. वरून सदरा चढवला की भोकांत हवा कोंडते आणि ऊब मिळते. सदरा उघडला की तीच भोकं घामाच्या वाफेला रस्ता देतात. अंगाला टेकणारं कापडच कमी, त्यामुळे ओलं राहायलाही फारसं काही नाही. नंतर कित्येक वर्षं हे मागे पडलं होतं, आता पातळ विरळ फ्लीसच्या, म्हणजे लवदार पॉलिएस्टर कापडाच्या, रूपाने ही कल्पना पुन्हा सगळीकडे दिसतेय.

बसल्यावर लागणारी ऊब मात्र फुगीर जाकिटातूनच येते. ऊब देते ती अडकलेली स्थिर हवा. पिसं किंवा तंतू फक्त तिला हलू देत नाहीत. १९३०च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातला एडी बाऊर हिवाळ्यात मासेमारीहून परतत होता. अंगातला जड लोकरी कोट ओला होऊन गारठला आणि तो थंडीने मरता मरता वाचला. नंतर त्याने हंसाची मऊ पिसं भरून, गोधडीसारखे टाके घालून कप्पे पाडलेलं जाकीट केलं आणि १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. वजनाच्या मानाने ऊब देण्यात चांगल्या पिसांना आजही तोड नाही. तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचं जाकीट मुठीएवढ्या पिशवीत दाबून बसतं. पण ओलं झालं की पिसं गोळा होतात आणि हवा निघून जाते. अमेरिकी सैन्याला ही अडचण होती, म्हणून १९८३ मध्ये प्रिमालॉफ्ट हा पिसांची नक्कल करणारा बारीक पॉलिएस्टर तंतू तयार झाला. तो भिजूनही बऱ्यापैकी फुगीर राहतो.

मग घ्यायचं कोणतं? कोलोरॅडोच्या कोरड्या हवेत पिसं. अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर, जिथे आठवडाभर पाऊस थांबत नाही, तिथे कृत्रिम तंतू, शंभर-दीडशे ग्रॅम जास्त झाले तरी. यात एक बारकावा आहे. घामेजल्या सदऱ्यावर थेट पिसांचं जाकीट चढवलं की अंगाची ऊब घामाला बाहेर ढकलते. वाफ पिसांत शिरते, बाहेरच्या थंड कापडाला लागून तिथेच पाणी होते. एका दिवसात कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाकीट मलूल दिसायला लागतं.

जाणते शिकारी म्हणून चढाला निघतानाच मुद्दाम कमी घालतात. पहिली दहा मिनिटं कुडकुडायचं, घाम फुटू लागला की वेग कमी करायचा, टोपी काढायची, सदऱ्याची चेन खाली ओढायची. माथ्यावर पोहोचल्यावर ओला बनियन काढून कोरडा घालायचा आणि मगच जाकीट. तो जास्तीचा बनियन दीड-दोनशे ग्रॅमचा. वजन वाचवायच्या नादात लोक नेमका तोच गाळतात. मी जास्तीची विजार गाळेन, जास्तीचा सदरा गाळेन, बनियन नाही. वर मांडलेली ती ऐंशी मिनिटं दोनशे ग्रॅममध्ये विकत मिळतात, याहून स्वस्त सौदा त्या पिशवीत दुसरा नाही. पायमोज्यांची एक जोडी मात्र जादा हवीच. ओले मोजे रात्री झोपण्याच्या पिशवीत पोटाशी ठेवून वाळवता येतात. अर्थात तीही उष्णता आपल्याच खिशातून जाते.

पावसाच्या जाकिटाबद्दल थोडक्यात. १९६९ मध्ये बॉब गोरने ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनचा शोध लावला. त्याचाच पातळ पडदा अशा जाकिटांच्या कापडात बसवतात. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाहून कित्येक हजारपट लहान, तरी वाफेच्या रेणूंना ऐसपैस. तत्त्व उत्तम, पण वाफ बाहेर जाते ती आतल्या-बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. जोरात चढणाऱ्याचा घाम तासाला लिटरभरही असू शकतो. तेवढा कुठलाच पडदा बाहेर काढत नाही. शिवाय ते कापड सळसळतं, आणि एल्कचे कान तिखट. त्यामुळे ते जाकीट पाऊस असेल तेव्हाच बाहेर येतं.

शिकाऱ्याला कपडे निवडताना आणखी एक गिऱ्हाईक सांभाळावं लागतं: समोरचं जनावर. त्याचं नाक माणसाच्या कल्पनेपलीकडचं. सकाळी ऊन तापलं की डोंगरउतारावरची हवा वर चढते, संध्याकाळी थंड होऊन खाली घसरते. हा वारा ओळखून वाट धरणं हा खरा उपाय, कपडे दुय्यम. तरीही पाच दिवस एकच बनियन घालायचा तर लोकर बरी. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायामानंतरचे घामट टी-शर्ट तपासले, तेव्हा कुबट वास करणारे मायक्रोकॉकस जिवाणू पॉलिएस्टरवर जोमाने वाढलेले आढळले.

रंगाची गोष्ट मजेशीर आहे. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात. १९९२ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात जमलेल्या संशोधकांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणांची नजर मोजून पाहिली. निळा त्यांना स्पष्ट दिसतो, लाल-नारिंगी फिका पडतो. त्यांच्या डोळ्यांतलं भिंग अतिनील किरणही बरेचसे आत सोडतं. म्हणून जीन्स त्यांना ठळक दिसते, आणि ‘शुभ्र’ करणाऱ्या साबणात धुतलेला मातकट सदराही उजळ दिसण्याची शक्यता असते, कारण त्या साबणातली द्रव्यं अतिनील प्रकाश शोषून निळा परत फेकतात. आणि बंदुकीच्या हंगामात कोलोरॅडोचा कायदा कमरेच्या वरच्या भागात किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड घालायला लावतो, टोपीसकट. दुसऱ्या शिकाऱ्याला ते मैलावरून दिसतं, एल्कला जवळपास नाही. २०१६ पासून तिथे झगझगीत गुलाबीही चालतो.

राहिले बूट. पिशवीतले पाच ग्रॅम वाचवायला लोक दात घासायच्या ब्रशचा दांडा कापतात आणि पायात दोन किलोंचे बूट घालून निघतात. अमेरिकी सैन्यासाठी १९६९ मध्ये झालेल्या मोजमापात असं दिसलं, की पायावरचं वजन वाहायला पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा पाच-सहापट ऊर्जा लागते. प्रत्येक पावलाला ते उचलायचं, पुढे फेकायचं, थांबवायचं. म्हणजे बुटांत चारशे ग्रॅम वाचले तर पाठीवरचे दोन किलो उतरले. अर्थात नव्वद किलो मांस दगडगोट्यांतून खाली आणताना घोट्याला आधार लागतो, म्हणून एल्कवाले शिकारी ट्रेकरांसारखे अगदी हलके बूट घालत नाहीत. ते वजन ते जाणूनबुजून पायात ठेवतात, आणि त्याची भरपाई जास्तीच्या विजारी घरी ठेवून करतात.