काका बरळायला लागले, तेव्हा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू होता. नागपूरच्या महालातले आमचे एक नातेवाईक काका बाराच्या उन्हात गांधीबागेतून स्कूटरवर घरी आले. दुपट्टा सोडला, मठ्ठा प्यायले, जेवले आणि वरच्या खोलीत आडवे झाले. तेवढ्यात लाइट गेली, कूलर बंद पडला. तीनच्या सुमाराला काकूंनी विचारलं, "चहा टाकू का?" तर काका म्हणाले, "दुकानाची किल्ली दे त्याला." दुकान विकून अकरा वर्षं झाली होती. अंगाला हात लावला तर चटका बसावा इतकं गरम, आणि घामाचा टिपूस नाही.

"ऊन लागलं असन, झोपू द्या न थोडं," शेजारी म्हणाले. कॉलनीतला दवाखाना सहाला उघडतो, तेव्हा नेऊ असं ठरत होतं. नागपुरात ही मोठी पंचाईत आहे. ऊन सगळ्यात जास्त लागतं ते एक ते पाचच्या दरम्यान, आणि नेमके त्याच वेळी बहुतेक डॉक्टरांचे दवाखाने बंद असतात. मग सहापर्यंत थांबायचं की नाही, हा निर्णय घरच्यांनाच घ्यावा लागतो.

'ऊन लागलं' या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिलीत घाम धो धो येतो, चक्कर येते, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. पण माणूस नीट बोलतो, कुरकुरतोसुद्धा. त्याला गार जागी झोपवा, पाणी द्या. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तासाभरात उतार पडायला हवा. पडला नाही, किंवा उलटीमुळे पाणी पोटात टिकतच नसेल, तर सहाची वाट पाहू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे उष्माघात. शरीराच्या आतलं तापमान साधारण 40 अंशांच्या वर जातं आणि मेंदू बिघडतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, तोल जातो, झटके येतात, शुद्ध हरपते. घाम आटला तरच उष्माघात, हा समज अर्धवट आहे. भर उन्हात स्लॅब टाकणारा मजूर घामाने निथळत असतानाही उष्माघाताने कोसळू शकतो. थर्मामीटरवरही फार विसंबू नका. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा कमी निघतो. त्यापेक्षा त्याला विचारा, आज वार कोणता? जेवणात काय होतं? उत्तर भलतंच आलं की 108 लावा. कॉलनीतल्या दवाखान्याचं हे कामच नाही. मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं किंवा जवळची जी कॅज्युअल्टी चोवीस तास चालू असेल ती गाठायची.

इथे क्रोसिन देणारे पुष्कळ भेटतात. तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वर चढवून ठेवतो आणि क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल ती पातळी खाली आणतं. उष्माघातात मेंदूने काही चढवलेलं नसतं, उष्णता बाहेर पडायची वाटच बंद झालेली असते. म्हणून गोळी निरुपयोगी, आणि उष्णतेने आधीच शिणलेल्या यकृतावर उगीच भार.

उपयोगी पडतो तो कूलरचाच न्याय. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. लिटरभर घाम अंगावर वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी असते की कूलरच्या ताट्यांतून गार झुळूक येते, आणि जुलैत तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. काकांचा सदरा काढून अंगावर सारखं पाणी शिंपडलं, पुठ्ठ्याने वारा घातला, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पुरचुंड्या ठेवल्या. अँब्युलन्स येईपर्यंत हे थांबवायचं नाही; पहिल्या अर्ध्या तासात शरीर जितकं गार होईल तितका मेंदू, मूत्रपिंड वाचण्याचा संभव जास्त. तोंडात मात्र काही ओतू नये. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशातून पन्हं सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. खिशातला कांदा असू द्या, त्याने बिघडत काही नाही, होतही काही नाही.

काकांचं वय सत्तरीपुढचं, त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी. म्हाताऱ्यांना तहान कमी लागते, घाम कमी येतो. अशा माणसाला उन्हात उभं राहायचीही गरज नसते, बंद कूलरची वरची खोली पुरते.

बरळणं दरवेळी उन्हामुळेच असेल असंही नाही. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात लुळा पडला तर तो लकवा. मे असो की डिसेंबर, थेट मोठं हॉस्पिटल. तिथे मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि हे तास मोजतात ते माणूस शेवटचा धड होता तेव्हापासून.

म्हणूनच कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरबाईंनी काकूंना पहिला प्रश्न तोच विचारला, "शेवटचं नीट कधी बोलले?"

"पावणेदोनला," काकू म्हणाल्या. "वरणात मीठ कमी पडलं म्हणून भांडले न माझ्याशी."