विषाणूवर औषध नसतं, हा गैरसमज

‘विषाणूवर औषधच नसतं, ताप उतरायची वाट बघा’ हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते खरं नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, एवढंच त्यातलं खरं. लोकांनी अर्थ भलताच लावला.

कोरोना विषाणू पेशीत शिरला की आधी लांबलचक प्रथिनं बनवून घेतो. त्यांचे तुकडे पडल्याशिवाय नव्या प्रती निघत नाहीत. कापण्याचं बहुतेक काम एकच एन्झाइम करतं, तब्बल ११ ठिकाणी. निर्माट्रेलविर हे कोरोनावरचं औषध नेमकं या कात्रीच्या पात्यांत जाऊन बसतं. रेमडेसिविरचा मारा दुसरीकडे: ते आरएनएच्या, म्हणजे विषाणूच्या जनुकीय मजकुराच्या, साखळीत खोटी कडी होऊन शिरतं आणि नक्कल थोडी पुढे जाऊन अडते.

मात्र उशीर चालत नाही. निर्माट्रेलविर लक्षणं दिसल्यापासून ५ दिवसांत सुरू करावं लागतं, तेही डॉक्टरांना विचारूनच. त्याच्यासोबत दिलं जाणारं रिटोनाविर हे औषध इतर बऱ्याच औषधांचा परिणाम बदलतं.