हजारात दोन की हजारात तीस?

मोझांबिकमधल्या शाळकरी मुलांमध्ये ऱ्हुमॅटिक हृदयरोगाचं प्रमाण किती? छातीला स्टेथोस्कोप लावून तपासलं तर हजारात दोन. त्याच मुलांची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली तर हजारात तीस. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत तिथली २,१७० मुलं होती. त्यांत स्टेथोस्कोपने ५ रुग्ण सापडले, इकोने ६६. कंबोडियातल्या ३,६७७ मुलांतही तोच प्रकार, ८ आणि ७९.

एवढी तफावत कशी? हा आजार सुरू होतो घशात. ‘अ’ गटातल्या स्ट्रेप्टोकोकस जीवाणूंमुळे घसा धरतो. या जीवाणूंची काही प्रथिनं आपल्या हृदयातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात, त्यामुळे काही मुलांची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयावर उलटते. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. सांधे बरे होतात, हृदयाच्या झडपेवर मात्र व्रण राहू शकतो. संसर्ग पुन्हा पुन्हा झाला की झडपेची पाती जाड आणि आखूड होत जातात. बहुतेकदा फटका बसतो तो डावीकडच्या मायट्रल झडपेला. ती नीट मिटत नाही आणि दर ठोक्याला थोडं रक्त खालच्या कप्प्यातून वरच्या कप्प्यात उलटं जातं. सुरुवातीला ही गळती इतकी कमी असते की कानाला काहीच ऐकू येत नाही. इकोच्या पडद्यावर मात्र उलट्या दिशेने उसळणारी रंगीत धार स्पष्ट दिसते.

म्हणून एखाद्या प्रदेशातलं या आजाराचं प्रमाण वाचताना ते कशाने मोजलं हे आधी पाहावं. नुसत्या स्टेथोस्कोपवर काढलेला आकडा मला तरी अपुराच वाटतो.

पण इकोत दिसलेलं प्रत्येक मूल आजारी म्हणायचं का? निरोगी मुलांतही किंचित गळती दिसू शकते, म्हणूनच २०१२ मध्ये निदानाचे जागतिक निकष ठरले. पुढे युगांडात एक लाखाहून अधिक मुलं तपासून सुप्त, म्हणजे त्रास जाणवत नाही पण इकोत दिसतो असा, आजार असलेली ८१८ मुलं निवडली गेली. त्यांतल्या निम्म्यांना दोन वर्षं दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. इंजेक्शन मिळालेल्या गटात आजार बळावला तो ३ मुलांत, न मिळालेल्या गटात ३३. फायदा निर्विवाद आहे. मात्र इंजेक्शन न घेतलेल्यांपैकीही जवळपास निम्म्या मुलांच्या इकोत सुधारणा दिसली. कुणाचा आजार बळावणार हे आधीच ओळखता आलं, तर कितीतरी मुलांची महिन्याकाठी टोचली जाणारी ती दुखरी सुई वाचेल.