वॉटरप्रूफ कॅमेऱ्यातील रबराची कडी

मृगाच्या सरी सुरू झाल्या की सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: भर पावसात खिशातून काढून पटकन फोटो टिपता येईल असा वॉटरप्रूफ कॅमेरा कोणता घ्यावा? उत्तर देणारे बहुधा एकच आकडा पुढे करतात, तो म्हणजे खोलीचा. ओलिंपसचा टफ टीजी-६ आणि ओएम सिस्टीम या नावाने आलेली त्याची पुढची आवृत्ती टीजी-७ हे १५ मीटर खोलीपर्यंत चालतात, रिकोचा डब्ल्यूजी-६ २० मीटरपर्यंत, निकॉनचा कूलपिक्स डब्ल्यू३०० ३० मीटरपर्यंत आणि पॅनासॉनिकचा ल्युमिक्स एफटी७ ३१ मीटरपर्यंत. यावरून ३० मीटरचा कॅमेरा पावसात १५ मीटरच्या कॅमेऱ्यापेक्षा दुप्पट सुरक्षित असणार, असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे, कारण पाऊस, ओढा आणि गुडघाभर डोह यांत कॅमेऱ्यात पाणी शिरण्याचे कारण खोली हे क्वचितच असते.

आजचे बरेच मोबाइल फोनही पाणी सोसतात, मग वेगळा कॅमेरा हवाच कशाला, ही शंका रास्त आहे. फोनचा पडदा बोटामुळे विद्युत धारितेत होणारा बदल ओळखून चालतो, आणि पडद्यावर पसरलेले पाणी नेमका तोच बदल घडवत असल्याने धो धो पावसात फोनला बोट कोणते आणि थेंब कोणता हे कळेनासे होते. वॉटरप्रूफ कॅमेऱ्याला खरीखुरी बटणे असतात, ती ओल्या बोटांनी दाबता येतात. शिवाय फोनची जलरोधकता मुख्यतः आत लावलेल्या चिकट पट्ट्यांवर अवलंबून असते. त्या जुन्या होतात, दुरुस्तीसाठी फोन उघडला की तुटतात, आणि वापरणाऱ्याला त्यांची अवस्था पाहता येत नाही. कॅमेऱ्याच्या बॅटरीचे दार मात्र आपण स्वतः उघडतो आणि त्यामागची रबरी कडी डोळ्यांनी तपासू शकतो. या कडीविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण सारा कॅमेरा तिच्या भरवशावर पाण्यात उतरतो.

दार उघडून पाहिले तर त्याच्या आतल्या बाजूस, कडेने फिरलेली, जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीची मऊ कडी दिसते. तिला कोणी ओ-रिंग म्हणते, कोणी गॅस्केट, तर कोणी नुसतेच सील. दार खटकन बसते तेव्हा ती कडी समोरच्या गुळगुळीत काठावर दाबली जाऊन थोडी चपटी होते. रबराचा एक विलक्षण गुण असा की त्याचा आकार सहज बदलतो, पण आकारमान जवळजवळ बदलत नाही. एका दिशेने दाबले की ते उरलेल्या दिशांना फुगू पाहते, म्हणजे दाब सर्व बाजूंना पोहोचवण्याच्या बाबतीत ते एखाद्या अतिशय दाट द्रवासारखे वागते. दार लावतानाच कडी दाबली गेल्यामुळे ती काठावर काही एक सुरुवातीचा दाब देत असते. आता बाहेरून पाणी दाबू लागले की पाण्याचा दाब रबरातून काठापर्यंत पोहोचतो आणि त्या सुरुवातीच्या दाबात मिळतो. कडीचा काठावरचा दाब म्हणजे आधीचा दाब अधिक पाण्याचा दाब, आणि म्हणून तो पाण्याच्या दाबापेक्षा नेहमीच जास्त राहतो. पाणी जितका जोर लावील, तितकी त्याची वाट अधिक घट्ट बंद होत जाते. आतून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरमध्ये वाफ वाढेल तसे झाकण काठाला अधिक घट्ट आवळून बसते, तोच हा प्रकार. फरक इतकाच की कुकरमध्ये दाब आतून असतो आणि कॅमेऱ्यात बाहेरून.

याचा अर्थ चकित करणारा आहे. निर्दोष कडीच्या दृष्टीने दहा मीटर खोल पाणी वीतभर पाण्यापेक्षा अधिक धोक्याचे नाही, उलट खोलवर पाणी स्वतःच दार आवळून धरते. पृष्ठभागाजवळ ही मदत मिळत नाही. तिथे केवळ दाराच्या खटक्याने दिलेला सुरुवातीचा दाब कामाला असतो, आणि खटका नीट बसला नसेल किंवा कडीत दोष असेल तर गळती तिथेच सुरू होते. पाण्याखाली छायाचित्रे काढणारे लोक बुडी मारण्यापूर्वी कॅमेरा साध्या पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे निघतात का ते पाहतात, ते याच कारणाने.

मग खोलीची मर्यादा येते कुठून? मुख्यतः कवचाच्या ताकदीतून. १५ मीटर खोल पाण्याचा जास्तीचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दीड किलो असतो. तीन इंची पडद्याचे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस सेंटिमीटर धरले तर एकट्या पडद्याच्या काचेवर बेचाळीस किलोंचा भार येतो. ३० मीटरवर तो ८४ किलो होतो आणि बटणांच्या स्प्रिंगही पाण्यानेच दाबल्या जाऊ शकतात. पाणबुड्याला या आकड्याचे मोल आहे. पावसात किल्ला चढणाऱ्याला त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

आता दोष म्हणजे काय, ते पाहू. दार उघडे असताना कडीवर एक केस पडला आणि दार तसेच लावले गेले असे समजा. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. रबर त्याला वेढून घेते, पण पूर्णपणे नाही. केसाच्या दोन्ही अंगांना, जिथे रबर वाकून काठाला टेकते, तिथे एक-एक बारीक बोगदा उरतो. त्याची त्रिज्या ०.०१ मिलिमीटर आणि लांबी २ मिलिमीटर धरू. अशा नळीतून द्रव किती वाहील हे प्वाझेयच्या नियमाने काढता येते: प्रवाह दाबाच्या समप्रमाणात, नळीच्या लांबीच्या व द्रवाच्या चिकटपणाच्या व्यस्त प्रमाणात, आणि त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या समप्रमाणात असतो. एक मीटर खोलीवर, म्हणजे सुमारे १० हजार पास्कल दाबाखाली, या बोगद्यातून सेकंदाला ०.०२ घन मिलिमीटर पाणी आत येईल, म्हणजे अर्ध्या तासात ३५ घन मिलिमीटर, जवळजवळ एक थेंब. सर्किटवर नेमक्या जागी पडला तर तेवढा पुरतो. पण खरी गंमत चौथ्या घातात आहे. बोगद्याची त्रिज्या दुप्पट झाली, केसाऐवजी वाळूचा बारीकसा कण आला, की प्रवाह सोळापट होतो, आणि एका थेंबाच्या जागी अर्धा मिलिलीटर पाणी आत जाते. खोली दुप्पट झाली तर गळती फक्त दुप्पट होते, फट दुप्पट झाली तर सोळापट. म्हणून मीटरचे आकडे ताडून पाहण्यापेक्षा दार लावण्यापूर्वी कडीवरून स्वच्छ, धागे न सोडणारे कापड फिरवणे कितीतरी अधिक मोलाचे ठरते.

रबराची लवचीकता कायमची नसते. वर्षानुवर्षे दाबून राहिलेली कडी हळूहळू त्याच चपट्या आकारात बसते आणि दार लावल्यावर पूर्वीइतका सुरुवातीचा दाब देत नाही. म्हणूनच बहुतेक उत्पादक वर्षातून एकदा सील बदलून घ्यायला सांगतात, आणि म्हणूनच जुना वॉटरप्रूफ कॅमेरा विकत घेताना त्याची कडी कधी बदलली होती हा पहिला प्रश्न असायला हवा. थंडीचाही परिणाम होतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले, ते घन इंधनाच्या रॉकेटच्या सांध्यातील ओ-रिंग थंडीने ताठरल्यामुळे. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या वेळी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि चिमटा काढल्यावर तो लगेच पूर्ववत होत नाही हे सर्वांसमोर दाखवले. कॅमेऱ्यांवर उणे १० अंश सेल्सियस अशी मर्यादा लिहिलेली असते, तिच्यामागे बॅटरीबरोबर रबराचाही विचार असणार. हिवाळ्यात लडाखला जाणाऱ्यांनी ती मर्यादा गांभीर्याने घ्यावी. कडीला हौसेने ग्रीस लावणे मात्र टाळावे, कारण कडी सिलिकोन रबराची असेल तर सिलिकोन ग्रीसनेच ती फुगते. माहितीपुस्तिकेत सांगितले असेल तरच ग्रीस वापरावे.

आणि पाणी शिरलेच तर? उपकरण तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा उपाय अजूनही मोठ्या विश्वासाने सांगितला जातो. तांदळाला बंद कवचाच्या आतले पाणी ओढून घेण्याची कोणतीही विशेष शक्ती नाही. उलट त्याची पूड आणि कण फटींत जातात, आणि पाण्यातील क्षार धातू गंजवत राहतात तो मोलाचा वेळ वाया जातो. बॅटरी ताबडतोब काढणे, बटण दाबून चालू होते का हे पाहण्याचा मोह आवरणे आणि दुरुस्तीला देणे, एवढेच शहाणपणाचे आहे.

पाणी बाहेरून न येताही एक त्रास होतो, तो म्हणजे काचेच्या आत धरणारे बाष्प. जुलैमध्ये पायथ्याच्या गावात ३० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असताना दर घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम बाष्प असते. अशा हवेत बॅटरीचे दार उघडून बंद केले तर तीच हवा आत कोंडली जाते. कॅमेऱ्याच्या आत २० घन सेंटिमीटर मोकळी जागा असेल, तर तिच्यात अर्धा मिलिग्रॅमहून किंचित जास्त बाष्प मावते. नंतर कॅमेरा ओढ्याच्या २० अंशांच्या पाण्यात बुडवला की त्या हवेत ०.३५ मिलिग्रॅमच बाष्प राहू शकते आणि उरलेले सुमारे ०.२ मिलिग्रॅम सर्वांत थंड पृष्ठभागावर, बहुधा भिंगापुढच्या काचेवर, जमा होते. एक चौरस सेंटिमीटर काच एक मायक्रोमीटर जाडीच्या थराने झाकायला ०.१ मिलिग्रॅम पाणी पुरते. इतक्या नगण्य पाण्याने सारा फोटो धुरकट होतो. यावरचा उपाय फुकट आहे. बॅटरी आणि कार्ड आदल्या रात्रीच, शक्य तर वातानुकूलित खोलीत घालावे. २४ अंशांच्या आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे १३ अंश असतो, आणि सह्याद्रीतील पावसाळी पाणी सहसा इतके थंड नसते.

आता धबधब्याविषयी. उपकरण पाण्याला किती रोखते हे ठरवणाऱ्या आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातील आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स५ आणि आयपीएक्स६ या पाण्याच्या झोताच्या चाचण्या आहेत, त्यांत मिनिटाला अनुक्रमे १२.५ आणि १०० लिटर पाणी मारले जाते. सातवी चाचणी उत्तीर्ण झालेले उपकरण पाचवी-सहावी उत्तीर्ण होईलच असे मानक मानत नाही, आणि त्याचे कारण शालेय भौतिकशास्त्रात आहे. उंची h वरून पडणाऱ्या पाण्याचा वेग v असा असतो की v² = 2gh; ते पाणी अडवले की ½ρv² इतका दाब निर्माण होतो, म्हणजेच ρgh (g म्हणजे गुरुत्वत्वरण, ρ म्हणजे पाण्याची घनता). दहा मीटरांच्या धबधब्याची अखंड धार तत्त्वतः दहा मीटर खोलीइतका दाब देते, आणि तोही दाराच्या फटीवर तिरका व धक्क्याधक्क्याने. प्रत्यक्षात धार हवेत फुटते आणि दाब बराच कमी होतो, तरी केवळ आयपीएक्स७ असलेले उपकरण धारेखाली धरू नये.

वॉटरप्रूफ कॅमेऱ्याचे भिंग बाहेर सरकत नाही, यामागेही कडीचाच विचार आहे. सरकत्या नळीभोवतीची कडी प्रत्येक हालचालीत घासली जाते आणि नळी बाहेर येताना आतली हवा विरळ होऊन पाणी ओढू पाहते. म्हणून प्रकाश समोरच्या स्थिर काचेतून आत घेऊन लोलकाने काटकोनात वळवतात आणि झूमची सारी भिंगे कवचाच्या आतच वर-खाली सरकतात. मिनोल्टाच्या डिमाज एक्स या कॅमेऱ्यात ही रचना २००२ मध्ये आली होती. तिची किंमत म्हणजे लहान सेन्सर आणि कमी प्रकाश. म्हणून ढगाळ दिवसासाठी कॅमेरा निवडताना मेगापिक्सेलपेक्षा भिंगाच्या छिद्राचा आकडा पाहावा, तो जितका लहान तितका प्रकाश जास्त: टीजी-६चे छिद्र रुंद दृश्याला एफ/२ पर्यंत उघडते. त्याच मालिकेत २०१५ च्या टीजी-४ मध्ये १६ मेगापिक्सेल होते आणि २०१७ च्या टीजी-५ मध्ये उत्पादकाने ते १२ वर आणले, कारण एवढ्याशा सेन्सरवर पिक्सेल वाढवले की प्रत्येकाच्या वाट्याचा प्रकाश घटतो.

दुकानात गेल्यावर आधी दारे उघडावीत. खटक्याला दुसरे कुलूप आहे का, कडी सहज पुसता येते का, दार अर्धवट बसले तर लगेच दिसते का, आणि हातमोजा घालूनही ते लावता येते का, हे हाताने करून पाहावे. मालवण-तारकर्लीला समुद्रात नेण्याचा बेत असेल तर तरंगणारा पट्टाही घ्यावा, कारण हे कॅमेरे बुडतात. समुद्रातून आल्यावर दार न उघडता कॅमेरा काही मिनिटे गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, बटणे दाबून-सोडून खाचांतले मीठ धुऊन काढावे आणि पुसून सावलीत वाळवावा. मीठ तसेच वाळले तर कडीच्या काठावर त्याचे स्फटिक धरतात, आणि पुढच्या वेळी दार लावताना ते केसाचेच काम करतात.